घासून बघ, लावून बघ

डिचोलीला आमच्या वाड्यावर एक मेस्त राहत असत. दारे, खिडक्या, देव्हारे आणि चवथ जवळ आली की माटोळीच्या चौकटी, असा त्यांचा व्याप. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात. शाळा सुटली की आम्ही दोघे त्यांच्या पडवीत भुशाच्या ढिगावर बसून असायचो. मेस्तमामांच्या तोंडी दिवसभर एकच वाक्य असे, "मातशें घांस, लावन पळय." थोडे घास, लावून बघ. नवे दार चौकटीत बसवताना ते एकदम कधीच तासत नसत. रंध्याचा एक हात फिरवायचा, दार उचलून चौकटीला लावायचे, कुठे अडते ते बोटाने चाचपायचे, पुन्हा खाली घ्यायचे. दहादा, पंधरादा. आम्हाला त्याचा भारी कंटाळा. एकदा मी विचारले, "मामा, एकदाच मापाने का कापत नाही?" ते हसले. "माप कागदार आसता, दार हांगा आसता."

मे महिन्यात दार बसवले तर ते वरच्या अंगाला थोडी जागा सोडत. तिला ते पावसाची फट म्हणत. मृग लागला की लाकूड फुगते, आणि उन्हाळ्यात चपखल बसलेले दार जुलैत खांदा लावून उघडावे लागते. गोव्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको.

हे सगळे आठवायचे कारण विमान आहे. मेस्तमामांचा तो मुलगा पुढे इंजिनियर झाला आणि अमेरिकेत ओहायो राज्यात स्थायिक झाला. २००९ साली त्याचे पत्र आले की आपण घराच्या गॅरेजमध्ये विमान बांधायला घेतले आहे. मी ते थट्टेवारी नेले. २०११च्या जुलैत भाचीकडे अमेरिकेला गेलो तेव्हा वाकडी वाट करून त्याच्याकडे तीन आठवडे राहिलो. गॅरेजमध्ये गाडी नव्हतीच. तिथे दोन पंख भिंतीला टेकून उभे होते आणि मधोमध चाके नसलेले विमानाचे धड लाकडी घोड्यांवर ठेवलेले होते. त्याच्या कामाच्या बाकावर, चकचकीत अमेरिकन हत्यारांच्या रांगेत, मेस्तमामांची जुनी कानस होती. मूठ त्यांचीच, फणसाच्या लाकडाची.

विमानाचे किट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुलांच्या खेळण्याचा डबा येतो. भाग काढा, जोडा, झाले. प्रत्यक्षात खोक्यातून येतो तो भाग नव्हे, भागाचा कच्चा मसुदा. त्याने घेतलेले किट आरव्ही-७ या दोन आसनी विमानाचे होते. ओरेगॉन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीचे हे विमान २००१ साली बाजारात आले. रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या एका आसनी आरव्ही-३ पासून या घराण्याला सुरुवात केली, आणि लोकांनी घरी बांधून उडवलेल्या आरव्ही विमानांची संख्या आज दहा हजारांच्या वर आहे. आरव्ही-७ च्या पत्र्यांना कारखान्यातच भोके पाडलेली असतात, ती एकमेकांवर जुळतात, त्यामुळे पंखाचा सांगाडा सरळ उभा राहतो. मग हाताला काम उरते कुठे? मीही हेच विचारले. त्याने माझ्या हातात एक पत्रा दिला आणि म्हणाला, "कडेवरून बोट फिरव. सांभाळून."

पत्रा पाऊण मिलिमीटर जाडीचा. यंत्राने कापलेल्या कडेला डोळ्यांना दिसणारही नाही अशी खरखर असते, प्रत्येक भोकाच्या काठाला बारीक धार उभी असते. ती सगळी हाताने काढायची. आधी कानस, मग बारीक कानस, मग पॉलिश पेपर, शेवटी कड नखाला गुळगुळीत लागली पाहिजे. विमानात दहा हजारांच्या वर रिव्हेटी आहेत, आणि प्रत्येक रिव्हेटीचे भोक दोन किंवा तीन पत्र्यांतून जाते. म्हणजे भोकांचे काठ किती झाले याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. हे काम करताना त्याची दोन वर्षांची संध्याकाळ गेली होती.

हा नीटनेटकेपणाचा सोस नव्हे. धातूचा पत्रा वारंवार ताणला, सोडला गेला की थकतो, आणि थकलेल्या पत्र्याला तडा जातो तो नेहमी एखाद्या खाचेपासून किंवा भोकाच्या काठापासून. १९५४ साली ब्रिटनच्या कॉमेट या जेट विमानांना जानेवारीत आणि एप्रिलमध्ये लागोपाठ अपघात झाले. समुद्रातून गोळा केलेले अवशेष फार्नबरोला नेऊन जोडले, दुसरे एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत घालून पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा कळले की छतावरच्या एका झरोक्याच्या कोपऱ्याजवळ, एका भोकाच्या काठाशी, तडा सुरू झाला होता. माझा मित्र जेव्हा एखाद्या भोकाचा काठ दुसऱ्यांदा चाचपायचा तेव्हा त्याच्या मनात कॉमेट असे. तो बोलून दाखवत नसे.

कडेपासून भोक किती आत हवे याचाही नियम आहे, रिव्हेटीच्या जाडीच्या निदान दुप्पट. म्हणजे पत्र्याची कड घासून घासून सुबक करण्याच्या नादात दोन मिलिमीटर जास्त गेली तर भाग दिसायला उत्तम आणि कामाला भंगार. पंखाच्या आतल्या आडव्या फासळ्या यंत्राने दाबून वळवलेल्या असतात. वळणावर धातू गोळा होतो आणि फासळी केळ्यासारखी किंचित वाकते. तिला खास चिमट्याने कडेला बारीक चुण्या पाडून सरळ करायचे. आमच्याकडे शिंपी बाहीला चुण्या घालतो तसेच. बाकावर ठेवून एका डोळ्याने बघायचे, एक चुणी, पुन्हा बघायचे.

माझ्याकडे काम आले ते लोखंडी ठोकळा धरण्याचे. तो बाहेरून हवेच्या हातोड्याने रिव्हेट ठोकणार, मी आतून तिच्या शेपटाला ठोकळा लावून धरणार. शेपूट चेपून जाडीच्या दीडपट रुंद आणि अर्धी उंच झाली की रिव्हेट बसली. पहिल्याच संध्याकाळी माझा हात हलला आणि एक शेपूट तिरकी झाली. मी ओशाळलो, म्हटले काढून दुसरी घालू. त्याने भिंग लावून पाहिले, मोजपट्टी लावली आणि म्हणाला, "राहू दे. काढायला गेलो तर भोक मोठं होईल. ही तिरकी बरी." मला मेस्तमामांची आठवण झाली. दारावर रंधा चालवताना ते एका ठिकाणी थांबत आणि म्हणत, आता हात लावायचा नाही.

मित्राच्या घरापासून डेटन शहर दीड तासावर. एका रविवारी तो मला तिकडे घेऊन गेला. राइट बंधूंचे गाव ते. तिथल्या कॅरिलन पार्कमध्ये त्यांचे १९०५ सालचे विमान ठेवले आहे. ज्या विमानाने १७ डिसेंबर १९०३ रोजी उड्डाण केले ते वॉशिंग्टनला असते, पण मला हे १९०५ चे जवळून पाहायला मिळाले. त्यात एकमेकांसारखे दोन भाग सापडतील की नाही कोण जाणे. स्प्रूसच्या पट्ट्या, दोऱ्याची बांधणी, तारा, शिवलेले मलमल. राइट बंधूंनी पंखा कसा केला होता? स्प्रूसच्या फळ्या एकमेकींवर चिकटवून कुऱ्हाडीने आणि दोन मुठींच्या सुरीने ताशीत नेला. हिशेब मात्र आधी वह्याच्या वह्या भरून केलेला. पंखा म्हणजे गोल फिरणारा विमानाचा पंखच, हे त्यांनी कागदावर ओळखले आणि मग ते कुऱ्हाडीने उतरवले.

इंजिनाची गोष्ट त्याहून भारी. मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांकडे हलके इंजिन मिळेना, तेव्हा त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर या कारागिराने ते सहा आठवड्यांत बनवले. पक्के नकाशे नव्हतेच. तिघांपैकी कोणीतरी कागदाच्या चिठोऱ्यावर भाग रेखाटायचा, टेलर तो चिठोरा बाकावर टाचायचा आणि कामाला लागायचा. क्रँकशाफ्टसाठी त्याने पोलादाचा जाड ठोकळा घेतला, त्यावर आकृती आखली, रेषेच्या कडेने ओळीने भोके पाडली, मधला भाग छिन्नी-हातोड्याने उडवला आणि मग लेथवर आणि हाताने घासत घासत तो समतोल केला. १२ अश्वशक्तीचे ते इंजिन फेब्रुवारी १९०३ मध्ये पहिल्यांदा सुरू झाले, दुसऱ्या दिवशी त्याचे ॲल्युमिनियमचे धड फुटले, आणि नवे ओतून आणावे लागले. मग पुन्हा सगळे बसवणे आले.

त्या काळी विमान हाताने बेतून बसवायचे याला पर्यायच नव्हता. सांतोस द्युमाँ हा ब्राझीलचा, पॅरिसमध्ये राहिलेला अवलिया. पोर्तुगीज अमदानीत शिकलेली गोव्यातली जुनी माणसे त्याचे नाव आदराने घेत असत, मी ते माझ्या आजोबांकडून ऐकले. त्याचे 'देमोइझेल' हे इवलेसे विमान बांबूचे होते. त्याने पेटंट घेतले नाही, आणि १९१० साली 'पॉप्युलर मेकॅनिक्स' या अमेरिकन मासिकाने त्याचे नकाशेच छापून टाकले. आता बांबू म्हटला की पेर कुठे येईल, जाडी किती निघेल, ते झाडाच्या मर्जीवर. नकाशा एकच, पण बांबू प्रत्येकाचा वेगळा, तेव्हा प्रत्येक जोड ज्याचा त्यानेच जमवायचा.

यानंतर जे घडले ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आन्री मिन्ये या फ्रेंच माणसाने १९३३ साली 'पू द्यु सिएल' म्हणजे आकाशातली ऊ या नावाचे चिमुकले विमान उडवले आणि १९३४ साली त्यावर पुस्तक लिहिले. ज्याला खोके ठोकता येते त्याला विमान बांधता येते, असा त्याचा दावा. फ्रान्समध्ये आणि १९३५ पासून इंग्लंडमध्ये शेकडो लोकांनी परसात, कोठीत, गॅरेजमध्ये ही ऊ बांधायला घेतली. आणि माणसे मरू लागली. विमान नाक खाली करून जायचे आणि वर येतच नसे. अखेर फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये अख्खे विमान वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासले तेव्हा उलगडा झाला. पुढचा आणि मागचा पंख इतके जवळ होते की विमान ठरावीक कोनापलीकडे खाली झुकले की ते सरळ करण्याची ताकद पुढच्या पंखात उरत नसे. १९३६ साली इंग्लंडने परवाने थांबवले. दोष नकाशातच होता. कितीही नेटक्या हाताने घासले, तासले, बसवले असते तरी ते विमान तसेच पडले असते, आणि ज्यांनी ते मन लावून बांधले त्यांना हे कळायला काहीच मार्ग नव्हता. कारागिराच्या हाताची महती गाणारे आपण लोक हा भाग सहसा गाळतो.

कारखान्यांनी कानस हद्दपार केली तीही उगाच नव्हे. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनाची मागणी इतकी वाढली की मँचेस्टरजवळ फोर्ड कंपनीलाही ते बनवायला सांगितले. रोल्स-रॉइसचे स्टॅनली हूकर यांनी पुढे आपल्या आत्मकथनात हा किस्सा लिहिला आहे. फोर्डचा माणूस आला आणि म्हणाला, तुमच्या नकाशांवरून आम्हाला हे इंजिन बनवता येणार नाही. हूकर यांना वाटले, आपल्या बारीक मापांना हे लोक घाबरले. झाले उलटेच. फोर्डच्या माणसाचे म्हणणे, तुमची मापे फार ढिली आहेत. तुमच्याकडे पिढीजात फिटर आहेत, ते प्रत्येक भाग घासून जुळवतात, म्हणून तुमचे भागते. आमच्याकडे कालपर्यंत दुसरेच काही करणारी माणसे येणार. त्यांना कोणताही भाग उचलून कोणत्याही इंजिनात घालता आला पाहिजे. फोर्डने सगळे नकाशे पुन्हा काढले आणि त्या कारखान्यातून ३० हजारांहून अधिक इंजिने बाहेर पडली. युद्धात आघाडीवर इंजिन बिघडले तर सुटा भाग घासत बसायला वेळ कोणाला? त्या इंजिनांनी किती वैमानिक घरी परत आणले हे लक्षात घेतले तर कानशीचा पराभव झाला ते बरेच झाले म्हणायचे.

मग ती गॅरेजमध्ये परत कशी आली? कायद्यामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानांवर इतके निर्बंध आले होते की ओरेगॉनसारखी एखाददुसरी जागा सोडली तर हा छंद मेल्यातच जमा होता. त्याच ओरेगॉनमधला जॉर्ज बोगार्डस १९४७ साली 'लिटल जी बी' हे घरगुती विमान घेऊन देश ओलांडून थेट राजधानी वॉशिंग्टनला गेला, अधिकाऱ्यांना दाखवायला की बघा, हे उडते. त्यानंतरही दोनदा गेला. १९५२ साली हौशी बांधकामाच्या विमानांचा वेगळा वर्ग मान्य झाला. जानेवारी १९५३ मध्ये मिलवॉकी इथे पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी बांधणाऱ्यांची संघटना काढली. १९५५ मध्ये त्यांनी एका मासिकात 'बेबी एस' हे विमान घरी कसे बांधावे यावर लेखमाला लिहिली, आणि लोकांची पत्रे धो धो येऊ लागली.

कायद्यातली मेख अशी. विमानाचा मोठा भाग बांधणाऱ्याने स्वतः घडवलेला आणि जोडलेला हवा, आणि तो केवळ शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी. लोक याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. कारखान्याला सगळे तयार करून देता येत नाही असे नाही, पण तसे केले की ते विमान या वर्गात बसत नाही, आणि मग प्रमाणपत्रांचा कोट्यवधींचा खर्च. म्हणजे किट विकणाऱ्याने काही काम मुद्दाम शिल्लक ठेवायचे. आणि ज्याने मोठा भाग बांधला त्याला त्याच एका विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा दाखला मिळतो. सरकारी कायद्यात शिकणे हे कारण लिहिलेले असते आणि त्यावर माणसाला आकाशात जाता येते, याचे मला आजही नवल वाटते. आपल्याकडे मुंबईच्या कांदिवलीत अमोल यादव या वैमानिकाने इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते किटही नव्हते, सगळी कल्पनाच त्यांची. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते मांडले गेले आणि २०१७ साली त्याची नोंदणी झाली. मधल्या वर्षांत त्यांनी कार्यालयांत घातलेल्या खेपा मराठी वृत्तपत्रांनी छापल्या आहेतच.

हाताच्या कामाची तऱ्हा पत्र्यावरून दुसरीकडे वळवली ती बर्ट रुटान यांनी. १९७५ साली त्यांचे 'व्हॅरीईझी' आणि १९७९ साली 'लाँगईझी' उडाले. त्यात पत्रा नाही, रिव्हेट नाही. फोमचे ठोकळे तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचे, त्यावर काचेचे कापड आणि इपॉक्सी. कापड कडेबाहेर लोंबते ते कधी छाटायचे यात सगळी कला. इपॉक्सी ओली असताना कापायला गेलात तर धागे ओढले जातात. पूर्ण कडक झाली की करवत आणि मग अंगभर काचेच्या भुशाची खाज. मधली एक वेळ असते, इपॉक्सी रबरासारखी झालेली, तेव्हा धारदार सुरी लोण्यातून गेल्यासारखी जाते. ती वेळ त्या दिवसाच्या हवेवर ठरते. रात्री दोनला आली तर रात्री दोनला उठायचे.

भारतात हे तंत्र आले तेही याच विमानाच्या वाटेने. बंगळूरच्या नॅशनल एरोनॉटिकल लॅबोरेटरीने लाँगईझीवर आधारलेले एक विमान बांधले आणि १९८७ साली उडवले. पुढे 'हंस' हे प्रशिक्षण विमान तिथे झाले त्यामागे काचेच्या कापडावर बसलेला तो हात होता. आणि गोव्यात? दिवाडीच्या अक्वेरियस शिपयार्डने डच नकाशावरून 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधली, ती २००९ साली पाण्यात उतरली. आत लाकूड, बाहेर काचेचे कापड आणि इपॉक्सी. तीच जात. तीत बसून कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. डच कागदावरचे माप दिवाडीच्या दमट हवेत लाकडावर उतरवणारी माणसे आपल्यातलीच होती. त्यांच्याविषयी कोणीतरी स्वतंत्र लिहायला हवे.

पण हाताला सूट किती द्यायची? गोव्यात लग्नाच्या पार्टीत बँडने 'कंट्री रोड्स' वाजवले नाही असे होत नाही. त्या गाण्याचा गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळून गेला, तो लाँगईझीतच. विमान त्याने बांधलेले नव्हते, नुकतेच विकत घेतले होते. रुटान यांच्या नकाशात पेट्रोलची टाकी बदलायची कळ वैमानिकाच्या दोन पायांमध्ये आहे. मूळ बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे बसवली होती. तपासात निष्कर्ष निघाला की ती फिरवायला मागे वळताना पाय सुकाणूच्या पायटीवर दाबला गेला असावा आणि विमान हातातून गेले. टाकीत पेट्रोलही कमी होते. बांधणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, पेट्रोलची नळी बसायच्या जागेपासून दूर ठेवावी एवढाच. काम सुबकही असेल. चौकटीला बसावे म्हणून दार घासणे वेगळे आणि बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला लावणे वेगळे.

यंत्राच्या बाजूनेही एक गोष्ट नंतर घडली ती सांगायला हवी. मागणी वाढली तेव्हा व्हॅन्स कंपनीने काही भागांची भोके ठोकून पाडण्याऐवजी लेसरने कापून घेतली. २०२२-२३ मध्ये घरोघरच्या बांधणाऱ्यांच्या लक्षात आले की भोकाभोवती रिव्हेटीच्या डोक्यासाठी खळगा दाबला की काठाला बारीक तडे जात आहेत. कंपनीने चाचण्या केल्या, बरेच भाग चालतील असे सांगितले, पण हजारो भाग बदलून द्यावे लागले, आणि इतर अडचणींबरोबर हा खर्च अंगावर येऊन डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागावे लागले. २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली. ते तडे प्रथम दिसले कोणाला? ज्यांना भोकाचा काठ बोटाने चाचपायची सवय होती त्यांना. माझ्या मित्राचे विमान तोवर कधीच उडू लागले होते, तरी बातमी आली त्या रात्री त्याने मला फोन केला आणि अर्धा तास त्यावरच बोलला.

आता त्याच्या कॅनपीचे सांगतो. कॅनपी म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण. ॲक्रिलिकचा एक मोठा फुगा किटमध्ये येतो, तो हाताने कापून चौकटीला बसवायचा. पहिला फुगा त्याने २०१० च्या नोव्हेंबरात कापायला घेतला होता. गॅरेज थंड, ॲक्रिलिक थंडीत काचेसारखे ठिसूळ, आणि जवळजवळ शेवटच्या कापाला कट्ट आवाज होऊन हातभर तडा गेला. हजार डॉलरच्या वर पैसे पाण्यात. चूक त्याचीच. हीटर लावायला हवा होता, आणि दोन संध्याकाळी वाचवायची घाई होती. त्यानंतर सहा महिने तो गॅरेजमध्ये गेलाच नाही, हे मला त्याच्या बायकोने सांगितले.

दुसरा फुगा त्याने जुलैसाठी, आणि मला वाटते माझ्यासाठी, राखून ठेवला होता. ॲक्रिलिक कापायला निदान २७ अंश उष्णता हवी. मी म्हटले, डिचोलीत बांधायला घेतले असतेस तर बाराही महिने कापता आले असते. त्या दिवशी ओहायोत ३३ अंश होते. दाते असलेली करवत चालत नाही, दाता अडकला की तडा. गोल फिरणारी घासणारी चकती लागते. फुग्यावर चिकटपट्टीने रेषा आखली. तो कापणार, मी दोन्ही हातांनी फुगा धरून ठेवणार, तो थरथरू नये म्हणून. एक बोट कापायचे, उचलून चौकटीवर ठेवायचे, कुठे टेकते ते खुणवायचे, खाली घ्यायचे, कडेला पॉलिश पेपर मारायचा. सकाळी आठला सुरू केले. दुपारपर्यंत आम्ही तो फुगा कितीदा चढवला-उतरवला ते मोजायचे सोडून दिले. मग ज्याला बांधणारे लोक मोठा काप म्हणतात तो आला. फुगा मधून आडवा कापून पुढची काच आणि मागचे झाकण वेगळे करायचे. इथे चुकले की दोन्ही गेले. त्याने मेस्तमामांची कानस उचलली, हातात धरली, परत ठेवली, आणि चकती सुरू केली. वीस मिनिटे कोणी बोलले नाही. शेवटचा बोटभर राहिला तेव्हा त्याने मला धर म्हणून मान हलवली. फुगा सुटला आणि दोन तुकडे माझ्या हातांत अलगद आले.

संध्याकाळी भोके पाडताना मी पाहिले की स्क्रूच्या मानाने भोक बरेच मोठे आहे. मी म्हटले, हे ढिले नाही का होणार? तो म्हणाला, "ॲक्रिलिक धातूपेक्षा कितीतरी जास्त आकसतं-फुगतं. भोक घट्ट ठेवलं तर जानेवारीत वर गेल्यावर तडकेल." आणि मग कोकणीत, बाबांच्याच सुरात, "पावसाची फट रे ती."

विमान २०१३ साली पहिल्यांदा उडाले. नियमाप्रमाणे पहिले ४० तास तो एकटाच उडाला. मेस्तमामा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. २०१४ च्या सप्टेंबरात मी पुन्हा ओहायोला गेलो तेव्हा त्याने मला बसवले. समोरच्या पट्टीवर प्रवाशासाठी कायद्याने लावलेली सूचना होती, की हे विमान हौशी माणसाने बांधले आहे आणि सर्वसाधारण विमानांचे सुरक्षानियम त्याला लागू होत नाहीत. मी ती दोनदा वाचली. त्याने कॅनपीची कड बोटाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली, खिट्टी लावली, आणि विचारले, "पट्टा घट्ट आसा मरे?"